शून्य तासाची नळी

आमच्या लॅबमध्ये नवीन मूल आलं की मी पहिल्यांदा विचारते, शून्य तासाचं, म्हणजे औषध घालण्याआधीचं, रीडिंग घेतलंस का? पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी ते घेतलं नव्हतं.

विषय होता क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, एक रक्ताचा कर्करोग. यात बी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वेळेवर मरत नाहीत, साठत जातात. बीसीएल-२ हे प्रथिन त्यांच्यात भरपूर असतं आणि बिमसारख्या मारक प्रथिनांना ते धरून ठेवतं. मग पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडत नाही, आणि पेशीला आतून मोडणारे कॅस्पेस जागे होत नाहीत. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही, हे १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत दाखवलं गेलं. बीसीएल-२ ची ही पकड सोडवणाऱ्या वेनेटोक्लॅक्स या औषधाच्या घडणीतही हीच संस्था होती.

एवढं वाचून मी रुग्णाच्या रक्तातल्या पेशींवर ते औषध घातलं आणि दोन दिवसांनी मोजलं. मेलेल्या पेशी पुष्कळ! धावत सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे औषध न घातलेल्या नळीचं रीडिंग पुढे केलं. तिथेही जवळपास तेवढ्याच मेल्या होत्या.

हात बिघडला असं वाटून मी तीन आठवडे मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचा द्रव, बदलत बसले. पण सीएलएलच्या पेशी शरीराबाहेर आपोआपच मरू लागतात. अस्थिमज्जेत आणि लसीका ग्रंथींत शेजारच्या पेशी त्यांना जगण्याचे संदेश देत असतात, आणि आपण त्यांना त्या शेजारापासून तोडून आणलेलं असतं. खाली अशा शेजारच्या, आधार देणाऱ्या स्ट्रोमल पेशींचा थर दिला तेव्हा माझ्या पेशी तगल्या. त्या शेजारात एमसीएल-१ आणि बीसीएल-एक्सएल ही बीसीएल-२ सारखीच पेशीला जगवणारी प्रथिनंही वाढतात आणि वेनेटोक्लॅक्सचा जोर कमी पडतो. म्हणून नुसत्या प्लेटमधल्या आकड्यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

अ‍ॅनेक्सिन-व्ही हे मरणाऱ्या पेशींना चिकटणारं प्रथिन. ते वापरताना बफरमध्ये कॅल्शियम हवंच. धुताना कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए राहिलं तर हे प्रथिन चिकटत नाही आणि मरणाऱ्या पेशीही जिवंत दिसतात. अ‍ॅनेक्सिन आणि प्रोपिडियम आयोडाइड (पडदा फाटलेल्या पेशीत शिरणारा रंग) दोन्ही लागलेली पेशी अपॉप्टोसिसनेच, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या ठरलेल्या मरणानेच, मेली असं लगेच लिहू नका. मधल्या वेळांची रीडिंग घ्या, कॅस्पेस-३ बघा.

वेनेटोक्लॅक्स रुग्णाला २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत नेतात. नाहीतर एकदम इतक्या पेशी मरतात की पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड वाढून मूत्रपिंडं धोक्यात येतात. हे कळल्यापासून आलेखातली प्रत्येक टक्केवारी मला वेगळी दिसते.

आणि नमुना हातात आला की रक्त किती वाजता काढलं ते आधी विचारा. आपण नळी उघडतो त्याच्या कितीतरी आधी त्या पेशींचा शून्य तास सुरू झालेला असतो.