जुन्या गोव्याला नदीच्या दारातून जा

पुण्याहून पाहुणे आले की पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या क्रूझबद्दल विचारतात. सांता मोनिका धक्क्यावरून तासाभराची सफर मिळते, नाचगाणी असतात; हौस असेल तर जरूर जा. पण मांडवी बघायची असेल तर मी त्यांना फेरीबोटीने नेते, तेही सकाळी.

पणजी स्टँडवर रायबंदरमार्गे जाणारी बस पकडा. बायपासची नको, कंडक्टरला आधी विचारून घ्या. डावीकडची खिडकी धरा. पणजीचा पाटो भाग ओलांडला की १६३३-३४ साली पोर्तुगिजांनी बांधलेला बांध लागतो: एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरं.

रायबंदरच्या धक्क्यावरून चोडण बेटालाही फेरी जाते आणि दिवाडी बेटालाही. आपल्याला दिवाडीची हवी. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. आधी गाड्या उतरू द्या, मग चढा आणि डाव्या कठड्याशी उभे राहा. चोडणची खारफुटी तिकडेच दिसते, सलीम अली पक्षी अभयारण्य त्यातच आहे. ओहोटी असेल तर चिखलात बगळे हमखास.

दिवाडीत शेतांमधून रस्ता जातो. सावली कमी, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावरचं. पोर्तुगिजांनी ते पाडलं, देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. माझं माहेर डिचोलीचं. नार्व्याच्या फेरीत पाय ठेवण्याआधी आजी नदीला हात जोडायची, म्हणून मीही जोडते. दिवस मोकळा असेल तर बेटाच्या नार्व्याकडच्या टोकालाही जाऊन या.

नाहीतर दिवाडीतल्याच पिएदादच्या टेकडीवरून खाली उतरून जुन्या गोव्याची फेरी घ्या. या वेळी मात्र पुढे, रॅम्पजवळ उभे राहा. माडांच्या वर सेंट कॅजेटन चर्चचा घुमट हळूहळू मोठा होत जातो. धक्क्यावरून सरळ चालत गेलात की व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने ती उभारली, नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून इथूनच शहरात शिरायचा. नदीच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे. तो बघून पुढे निघू नका. कमानीतून आत जा आणि मागे वळा: शहराच्या बाजूला एका मूर्तीने पायाखाली माणूस दाबून धरलाय. बरोबरच्या मुलांना मी तो नेहमी दाखवते.