मोठा हादरा बसला की बाजार कसा वाचावा

11 मार्च 2011, शुक्रवार. जपानात भूकंप झाला तेव्हा दुपारचे 2 वाजून 46 मिनिटं झाली होती. टोकियोचा शेअर बाजार बंद व्हायला चौदा मिनिटं उरली होती. त्या दिवशी तिथला मुख्य निर्देशांक निक्केई दोन टक्केसुद्धा पडला नाही. सोमवारी पडला सहा टक्के आणि मंगळवारी साडेदहा. भूकंप आणि त्सुनामी तर शुक्रवारीच येऊन गेले होते, मग मंगळवारी नवं काय झालं? फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांमध्ये एकामागून एक स्फोट होत होते आणि किरणोत्सर्ग कुठवर पसरेल हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

मी विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे जागेवर जाऊन नुकसान मोजणारा. सगळी नोकरी ओल्या गोदामांत आणि जळक्या शेडमध्ये गेली. पूर ओसरल्यावर कारखान्यात जावं तर मशीन धुऊनपुसून ठाकठीक दिसतं. आठ दिवसांनी शाफ्ट हातानं फिरवला की बेअरिंग खरखरतं, कारण गाळ आत जाऊन बसलेला असतो. उलटंही घडतं. मालक कपाळाला हात लावून 'सगळं गेलं' म्हणतो, आणि खालच्या दोन थरांवरची पोती काढून पाहिली की वरचा माल कोरडा ठणठणीत निघतो. म्हणून पहिल्या दिवशीच्या आकड्यावर मी कधीच सही केली नाही. बाजार मात्र तोच सर्व्हे जागेवर न जाता, पहिल्या तासात करतो. त्याचा तो घाईचा रिपोर्ट कसा तपासायचा, याची माझी पद्धत सांगतो.

मोठी बातमी आली की आधी वही घ्या आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे मोजता येईल असं नुकसान लिहा: पडलेले कारखाने, बंद बंदर, बुडालेला माल. उजवीकडे लिहा अजून कळलेलंच नाही ते. घसरण किती खोल जाईल हे बहुतेक वेळा उजवा रकाना ठरवतो. 2020 मध्ये अमेरिकेचा एसअँडपी 500 हा निर्देशांक 19 फेब्रुवारी ते 23 मार्च एवढ्या अवधीत 34 टक्के उतरला, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा जुन्या उंचीवर आला. साथ तेव्हा संपली होती का? छे! पण उजव्या रकान्यातल्या ओळी खोडल्या जात होत्या. मध्यवर्ती बँक कंपन्यांचे रोखे विकत घ्यायला उभी राहिली होती, कोणते धंदे बंद राहणार आणि कोणते चालणार याचा अंदाज आला होता. त्यामुळे रोज संध्याकाळी निर्देशांकाकडे बघण्याआधी उजवीकडच्या किती ओळी कमी झाल्या ते बघा. वाढल्या असतील तर गप्प बसा.

इथे एक कडू गोष्ट. निर्देशांक म्हणजे देश नव्हे. 2010 मध्ये हैतीतल्या भूकंपात लाखाच्या घरात माणसं गेली, पण जगातल्या मोठ्या निर्देशांकांवर ओरखडाही उठला नाही. ज्यांचं सर्वस्व गेलं त्यांचे शेअर कुठे नोंदलेलेच नव्हते. बाजार सावरला म्हणून माणसं सावरली असं समजू नका.

मग दुसरा प्रश्न: बिल कोणाच्या नावावर फाटणार ते बघा. हा माझ्या धंद्यातला भाग, म्हणून थोडं सविस्तर. वादळ आलं की विमा कंपन्यांचे शेअर आधी आपटतात. पण मोठे दावे चुकते केल्यावर बाजारातलं विम्याचं भांडवल आटतं आणि पुढच्या नूतनीकरणाला हप्ते वाढतात. ज्या कंपनीनं पुनर्विमा, म्हणजे स्वतःच्या जोखमीचा दुसऱ्या कंपनीकडे काढलेला विमा, नीट घेतलाय आणि जिच्या गंगाजळीला धक्का लागलेला नाही, तिला हे वर्ष वाईट गेलं तरी पुढची बरी जाऊ शकतात. जिनं सगळ्या पॉलिसी एकाच किनाऱ्यावर विकल्या, ती मात्र संपते. 1992 च्या अँड्र्यू वादळानंतर अमेरिकेत अनेक छोट्या विमा कंपन्या अशाच बुडाल्या. तेव्हा 'विमा क्षेत्र पडलं' या मथळ्यावर काही ठरवू नका, कंपनीच्या अहवालात पुनर्विम्याचं पान उघडा. बांधकाम कंपन्यांचे शेअर अशा वेळी चढतात, 2011 मध्ये जपानातही चढले. पण बातमी सगळ्यांनी वाचलेली असते, आणि सकाळी बाजार उघडतो तोच चढ्या भावानं. त्यामागे धावण्यात मला कधी राम वाटला नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: आत्ता नाइलाजानं कोण विकतंय? उसनवारीवर शेअर घेतलेल्याला ब्रोकरचा मार्जिनसाठी, म्हणजे तारणाची रक्कम आणखी भरा म्हणून, फोन येतो आणि चांगलं-वाईट न बघता हाताला लागेल ते विकावं लागतं. चांगल्या कंपन्या दगडांच्या भावात जातात त्या अशा वेळी. कोबेचा भूकंप 17 जानेवारी 1995 ला पहाटे झाला. ब्रिटनच्या बेरिंग्ज बँकेचा ट्रेडर निक लीसन यानं 'निक्केई फारसा हलणार नाही' या पैजेवर ऑप्शन्स (पुढे ठरल्या भावानं घेण्या-विकण्याच्या हक्काचे करार) विकून ठेवले होते. बाजार पहिल्या दिवशी कोसळला नाही. खरी आपटी बसली पुढच्या सोमवारी, पाच टक्क्यांहून जास्त. लीसननं हात आखडता घेण्याऐवजी निक्केई चढेल या आशेवर आणखी फ्युचर्स (पुढच्या तारखेचे खरेदीचे सौदे) घेतले. फेब्रुवारीअखेर 82 कोटी पौंडांहून जास्त तोटा उघड झाला आणि दोनशे वर्षांहून जुनी बँक एका पौंडात विकली गेली. भूकंपानं फक्त निमित्त दिलं.

तुमच्या खात्यात मार्जिनवरचं, म्हणजे उसनवारीवर घेतलेलं, काही असेल तर हादऱ्याची वाट न बघता आजच कमी करा. स्टॉप लॉस (भाव ठरल्या पातळीला उतरला की आपोआप विकण्याची सूचना) लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. रात्रीत बातमी आली तर सकाळी भाव तुमच्या स्टॉप लॉसच्या कितीतरी खाली उघडतो आणि माल त्या खालच्या भावाला जातो. फुकुशिमाच्या अणुभट्ट्या चालवणाऱ्या टोकियो इलेक्ट्रिक पॉवरचा शेअर 2011 च्या त्या भूकंपाच्या शुक्रवारी 2,121 येनवर बंद झाला आणि सोमवारी 1,621 वर, म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त जेवढं पडू देतात त्या मर्यादेवर. अशा वेळी विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा कोणी नसतो. सर्किट लागून व्यवहार थांबले तर घाबरू नका. अमेरिकेत निर्देशांक 7 टक्के पडला की पंधरा मिनिटं बाजार थांबतो, आणि मार्च 2020 मध्ये असं चारदा झालं. ती पंधरा मिनिटं वहीसाठी वापरा.

खरेदीबद्दल मी शहाणपण शिकवावं असा माझा इतिहास नाही. 2020 च्या मार्चमध्ये पहिल्या मोठ्या घसरणीला मला वाटलं, स्वस्त झालं! 12 तारखेपर्यंत बाजूला ठेवलेले सगळे पैसे लावून मोकळा झालो. 23 तारखेला बाजार तळाला होता आणि मी रिकाम्या खिशानं स्क्रीन बघत बसलो होतो. आयुष्यभर मालकांना 'पहिला आकडा धरू नका' सांगणारा माणूस! तेव्हापासून अशा वेळी लावायच्या रकमेचे मी पाच भाग करतो आणि दोन भागांमध्ये निदान एक आठवडा जाऊ देतो, भाव कितीही खुणावत असला तरी. पाचवा भाग उजवा रकाना निम्म्यावर आल्याशिवाय काढत नाही. येत्या दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे या पाचात धरायचेच नाहीत. ते बँकेत वेगळ्या खात्यात ठेवलेत आणि त्या खात्याचं कार्ड बायकोकडे आहे.