हात हलू द्या, साइट नको: १० मीटर एअर पिस्तूलचा सराव

एअर पिस्तूल हातात घेतलं की नवख्याला पहिली धडकी भरते ती हाताच्या हलण्याची. पिस्तूल साधारण एक किलोचं, धरायचं एकाच हातात आणि तेही पूर्ण लांब करून. हात हलणारच. मग माणूस हात थांबण्याची वाट बघतो आणि थांबला असं वाटलं की ट्रिगर खेचतो. तिथेच दहाचा सात होतो.

कारण साधं गणितात आहे. टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, त्यापुढची प्रत्येक रिंग ८ मिमी रुंद. छर्रा ४.५ मिमीचा, आणि त्याची कड रिंगला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा. आता पुढची आणि मागची साइट (नेम धरायला पिस्तुलाच्या टोकावर असलेला उभा ठोकळा आणि मागे असलेली खाच) नीट जुळलेली आहे आणि अख्खा हात ६ मिमी डावीकडे सरकला, तर छर्राही ६ मिमीच डावीकडे जाईल. तरीही दहा! पण हात जागेवर आणि मनगट किंचित वळून पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिमी सरकली, तर? दोन साइटमधलं अंतर ३३० मिमी धरा. दहा मीटरवर चूक होते ३० मिमीची, म्हणजे सात. म्हणून सरावाचा बहुतेक वेळ द्यायचा तो साइट जुळवण्याला आणि ती न बिघडवता ट्रिगर दाबण्याला.

नजर पुढच्या साइटवर हवी. तिच्या कडा रेखीव, मागची खाच थोडी पुसट आणि टार्गेटचा काळा गोळा चक्क धूसर दिसला पाहिजे. गोळा स्पष्ट दिसतोय म्हणजे नजर पळाली. पुढच्या साइटचा माथा खाचेच्या माथ्याशी एका रेषेत, दोन्ही बाजूंना उजेडाची फट सारखी. नेम काळ्याच्या मध्यावर धरू नका, काळ्यावर काळी साइट हरवते. काळ्याच्या खाली पांढऱ्यात जागा ठरवा आणि मधे पांढरी पट्टी दिसू द्या. पट्टी किती जाड, याची फार चिकित्सा नको. नेमाची जागा हा एक बिंदू नसून एक पट्टा आहे, त्यात साइट फिरत राहते. दुसरा डोळा मिटू नका, चेहरा आवळला जातो. त्याच्यापुढे पांढुरकी पट्टी लावा. नियमाने ती ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही. चाळिशीनंतर पुढची साइट धूसर दिसू लागली तर नेहमीच्या दूरच्या नंबरात +०.५० ची भर घालून नेमबाजीचा वेगळा चष्मा करून घेणं सोयीचं पडतं.

ग्रिप आधी नीट करा, मग बाकीचं. अंगठा आणि तर्जनीमधला खोलगट भाग ग्रिपच्या वरच्या टोकापर्यंत घट्ट बसवा. जोर द्यायचा मधल्या बोटाने आणि अनामिकेने, सरळ मागे. अंगठा आणि करंगळी नुसती टेकलेली. तर्जनी ग्रिपच्या लाकडाला कुठेही शिवता कामा नये. मधे उजेड दिसायला हवा, नाहीतर ट्रिगर दाबताना ती लाकडालाही ढकलते. हात ग्रिपमध्ये बसवून डोळे मिटा, पिस्तूल उचला, डोळे उघडा. साइट आपोआप जुळलेली दिसली पाहिजे. दर वेळी पुढची साइट उजवीकडे दिसत असेल तर मनगटाने ओढून जुळवत बसू नका, ग्रिपच बदला: जिथे टोचतं तिथे कानस, जिथे पोकळी आहे तिथे लाकडात भरायची लांबी (पुट्टी). एका वेळी थोडंच घासा आणि मधे दोन दिवस सराव करून बघा. खालची तळहाताची पट्टी हाताला टेकेल इतकीच वर घ्या. घट्ट आवळली की बोटं सुन्न होतात आणि वीसेक शॉटनंतर हात थरथरतो.

उभं राहण्याचं तंत्र पायांपासून सुरू होतं. पाय खांद्यांएवढे फाकलेले, वजन दोन्ही पायांवर सारखं, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. इथेही डोळे मिटून उचलण्याचीच परीक्षा. डोळे उघडल्यावर पिस्तूल शेजारच्या टार्गेटकडे बघत असेल तर हात वळवू नका, मागचा पाय थोडा सरकवा. हात वळवून लावलेला नेम ट्रिगरच्या क्षणी परत आपल्या जागी जातो. छर्रे आडव्या रांगेत पसरतात ते बहुधा यामुळे.

आता एक शॉट, जवळून. श्वास घेत पिस्तूल टार्गेटच्या वर न्या. सोडत सावकाश खाली आणा, उतरतानाच साइट जुळवा आणि ट्रिगरचा पहिला टप्पा घ्या. एकूण ५०० ग्रॅमच्या ट्रिगरवर ३५० ते ४०० ग्रॅम या पहिल्या टप्प्यात गेले तर शेवटाला फार थोडं उरतं. काळ्याखालच्या पट्ट्यात पोचल्यावर उरलेला श्वास थांबवा, नजर पुढच्या साइटवर, आणि बोटाचा दाब वाढत ठेवा. थांबून पुन्हा दाबायचं नाही. पाच ते आठ सेकंदांत शॉट जातो आणि नेमका कधी गेला ते थोडं अनपेक्षितच असतं. दहा सेकंद झाले आणि गेला नाही? खाली घ्या. हे खाली घेणंच सगळ्यात अवघड, कारण मन म्हणतं, आलाच की आता. खाली न घेता ओढूनताणून मारलेल्या त्या शॉटचे गुण लिहून ठेवा, पटेल. शॉट गेल्यावर दोन सेकंद हात तसाच ठेवा आणि स्क्रीन किंवा दुर्बीण बघण्याआधी मनात म्हणा, साइट कुठे होती: 'नऊ, खाली डावीकडे'. अंदाज आणि भोक जुळू लागले की प्रगती होतेय.

उजव्या हाताने मारणाऱ्यांचे छर्रे खाली डावीकडे जात असतील तर ट्रिगरसोबत अख्खी मूठ आवळली जातेय. उजवीकडे गेले तर अंगठा ढकलतोय. सरळ खाली म्हणजे मनगट सुटतंय किंवा शॉट बघायची घाई. वर गेले तर धक्क्याच्या धास्तीने तळहात पुढे रेटला जातोय (एअर पिस्तुलाला धक्का जवळपास नसतोच, तरी!). अशा वेळी साइटचे स्क्रू फिरवत बसू नका. पाच छर्ऱ्यांचा घट्ट ग्रुप मध्यापासून बाजूला असेल, तरच स्क्रूला हात. कुठल्या बाजूला फिरवल्यावर छर्रा कुठे जातो ते एकदा पाच क्लिक देऊन तपासा आणि पिस्तुलाच्या डब्यावर लिहून ठेवा.

सरावात साधारण एक तृतीयांश उचल कोरडी हवी, म्हणजे छर्रा न घालता, पिस्तुलाच्या ड्राय फायर सोयीवर. पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर तीस वेळा, प्रत्येक वेळी साइट हलली की नाही एवढंच बघायचं. कोऱ्या भिंतीवर दहा नसतो, म्हणून बोट खरं बोलतं. मग पाठ फिरवलेल्या कोऱ्या कार्डावर वीस छर्रे, फक्त ग्रुपसाठी. त्यानंतर खऱ्या टार्गेटवर तीस-चाळीस पुरतात. दमल्यावर मारलेले शंभर छर्रे चुकीचीच सवय पक्की करतात. हाताच्या ताकदीसाठी पिस्तूल नेमाच्या उंचीवर वीस-तीस सेकंद धरा, तेवढाच आराम, सहा फेऱ्या.

यंत्राकडे थोडं. सपाट डोक्याचे छर्रे वापरा, ४.४९ आणि ४.५० अशा मापांतलं आपल्या नळीला कोणतं मानवतं ते पिस्तूल पक्कं धरून ग्रुप काढून ठरवा, आणि पटलं की त्याच बॅचचे जास्त डबे घ्या. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर बहुतेक २०० बार दाबाचा, त्याहून जास्त कधी भरू नका, आणि कोरडी दाबलेली हवाच, सावकाश. ऑक्सिजन कदापि नाही. कोकणात किंवा पावसाळ्यात हातपंपाने भरत असाल तर आर्द्रतेचा फिल्टर लावा, नाहीतर पाणी आत जाऊन व्हॉल्व्ह गंजतो. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षं झाली की बदला. स्क्रू दर आठवड्याला तपासा. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल ऐन मधे बिघडलं आणि वेळ निघून गेला, तिथून हे सगळ्यांनी शिकायला हरकत नाही.

स्पर्धेआधी ट्रिगर वजनावर तोलून घ्या. नळी उभी धरून ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरने अलगद उचललं गेलं पाहिजे, शॉट न जाता. घरी ५१०-५२० ठेवा, काट्यावर ठेवलेला ट्रिगर हवामान बदललं की घात करतो. पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत, बूट घोट्याखालचे. साठ शॉटना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं मिळतात, त्याआधी तयारी आणि नेम जुळवायला १५. शॉटमागे सव्वा मिनिट. नवखे पहिल्या वीस मिनिटांत निम्मे उडवतात.

रेंजवर छर्रा भरायचा तो आपल्या जागी उभं राहून आणि आज्ञा मिळाल्यावर. तोवर नळीत सुरक्षा दोरी (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी), नळी टार्गेटच्या दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. 'स्टॉप' आलं की पुढे कुणी जायच्या आत छर्रा काढून दोरी घाला. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा डबा बंद करून साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावाला शिवू नका.