पॉयझन आयव्हीचं पुरळ: आधी तेल धुवा, मग मलम
अंगणातलं रान उपटताना पॉयझन आयव्ही या अमेरिकेत उगवणाऱ्या खाजऱ्या वेलीला हात लागला, तर खाज सुटायची वाट पाहू नका. त्रास देतं ते वेलीतलं उरुशिऑल नावाचं चिकट तेल. पहिल्या 10 मिनिटांत धुतलं तर उत्तम. उशीर झाला तरी धुवाच. भांड्यांचा साबण, भरपूर गार पाणी, नखांखालीही नीट. पण कातडी खरवडू नका. कात्री, हातमोजे, बुटांच्या नाड्याही धुवा. बहुतेक जण इथेच फसतात: वाळलेलं तेल या वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतं आणि पुन्हा हाताला लागतं.

पुरळ बहुधा 12 ते 48 तासांत उठतं, पान घासलं गेलं तिथे अनेकदा सरळ रेघेत. फोडांतल्या पाण्याने ते पसरत नाही. तेल कमी लागलेल्या जागी उशिरा दिसतं, इतकंच. फोड फोडू नका. गार ओलं फडकं 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा ठेवा, मग कॅलामाइन हे खाज शमवणारं लोशन लावा. 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम पहिले काही दिवस चालतं. दोन-तीन आठवड्यांत पुरळ ओसरतं.

डोळ्यांजवळ किंवा गुप्तांगावर उठलं, पू झाला, ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. उपटलेली वेल मात्र कधीही जाळू नका. धुरातून तेच तेल फुप्फुसात जातं. धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.