मृगाआधी कुंडीचं माप ठरवा

रोहिणी लागली की सांगली-मिरजेच्या रोपवाटिकांत गर्दी सुरू होते. यंदा गच्चीवर किंवा अंगणात भाजीपाला लावायचा असेल, तर रोपं घेण्याआधी कुंड्यांचा विचार करा. खत नंतर देता येतं, कीड आली तर फवारता येतं. पण फुलावर आलेलं वांगं लहान कुंडीतून उपटून मोठ्या कुंडीत लावलं की ते हमखास फुलं गाळतं.

मी स्वतः वांग्याची चार रोपं पत्र्याच्या तेलाच्या डब्यांत लावली होती. पंधरा किलोचा डबा म्हणजे जेमतेम 16-17 लिटर. ऑगस्टभर झाडं देखणी होती. पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि सकाळी पाणी पाजलेली झाडं दुपारी बारालाच माना टाकू लागली. शेवटी एक डबा कापून पाहिला. आत माती अशी दिसेनाच. मुळांनी वेटोळी घालून डब्याच्याच आकाराची चौकोनी वीट केली होती. तेव्हापासून मी झाडाचं माप जूनमधलं धरत नाही, ऑक्टोबरमधलं धरतो.

त्या हिशेबानं सांगायचं, तर मिरचीला 12 बाय 12 इंचाची, म्हणजे तोंड आणि उंची दोन्ही 12 इंच असलेली, ग्रो बॅग (झाडं लावायची जाड पिशवी) पुरते. तिच्यात सुमारे 22 लिटर माती बसते. बुटक्या जातीच्या टोमॅटोलाही तीच चालेल. काठीवर चढवायचा उंच टोमॅटो, कृष्णाकाठची वांगी, दोडका आणि कारलं यांना मात्र 15 बाय 15 द्या. माप तीनच इंचांनी वाढतं, पण माती 43 लिटरवर जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कडीपत्ता आणि लिंबू कायमचे ठेवायचे असतील तर 18 बाय 18. मेथी, कोथिंबीर, पालक यांना खोली नको, पसारा हवा. सहा ते आठ इंच खोलीचा रुंद ट्रे किंवा आडवा कापलेला ड्रम उत्तम.

घेताना एक फसगत टाळा. उभ्या गोल ग्रो बॅगचं 12 इंच हे माप तिच्या तोंडाचं असतं. रोपवाटिकेतल्या साध्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीची रुंदी मात्र ती सपाट ठेवून मोजतात. 12 इंची सपाट पिशवी मातीनं भरली की तिचं तोंड साडेसात इंचांच्या आसपास उरतं आणि तिच्यात निम्मीसुद्धा माती बसत नाही. दुकानातच विचारा, ‘दादा, हे माप भरल्यावरचं की सपाट?’ शिवाय वर दोन इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी लागते, म्हणजे 12 इंची कुंडीत मुळांना मिळतात दहाच इंच.

आता पावसाळ्याची बाजू, आणि इथंच जास्त रोपं जातात. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात भिजवा आणि आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळेल. कुंडीतही तसंच होतं. जादा पाणी निघून गेल्यावरही तळाशी मातीचा ओला थर राहतोच, आणि त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ कुंडीत मुळं त्या ओल्या थरातच अडकतात आणि सडतात. खोल कुंडीत त्यांना वर हवा मिळते. तळाला खापऱ्या किंवा खडी भरल्यानं हा थर जात नाही, उलट तेवढाच वर सरकतो. भोकावर एक खापरी झाकली की झालं.

पोत सुधारायचा तर शेतातली काळी माती तशीच भरू नका. ती पावसात फुगते, उघडीप मिळाली की तडकते आणि मुळं तोडते. एक भाग पोयटा माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजलेलं उसाचं पाचट आणि वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरे.

मोठी कुंडी चांगली म्हणून इवलंसं रोप थेट 15 इंचीत लावणंही चुकीचं. चार पानांचं रोप एवढ्या मातीतलं पाणी ओढू शकत नाही, आषाढाच्या झडीत माती दिवसेंदिवस ओली राहते आणि रोप बुडाशी कुजतं. बी आत्ता ट्रेमध्ये टाका, चार इंची पिशवीत वाढवा. टोमॅटो महिन्याभरात तयार होतो, मिरची-वांग्याला आणखी आठवडा-दोन आठवडे लागतात. पिशवीच्या तळाशी पांढरी मुळं दिसू लागली की मोठ्या कुंडीत न्या.

शिराळ्याकडे पाऊस जास्त, तिथं ग्रो बॅगच्या बाजूंनाही भोकं पाडा. जत-आटपाडीकडे मात्र मापात एक पायरी वरची घ्या, कारण तिथं प्रश्न ओलीचा नसतो, वाळण्याचा असतो. काळ्या बॅगेला बाहेरून गोणपाट गुंडाळलं तर उन्हात मुळं भाजत नाहीत.

वजनाकडे कृपा करून दुर्लक्ष करू नका. 15 इंचाची बॅग नुसत्या मातीनं भरून भिजली की 70 किलोच्या घरात जाते. घराच्या वापरत्या गच्चीचा भार साधारणपणे चौरस मीटरला 150 किलो धरलेला असतो. अशा बॅगा मध्यभागी एकमेकींना खेटून ठेवू नका. तुळई आणि भिंतींच्या रेषेत, अंतर ठेवून मांडा. घर जुनं असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. खाली दोन विटा घाला, म्हणजे भोकं मोकळी राहतील आणि स्लॅबही ओला राहणार नाही.

हळद लावायची असेल तर ती मात्र मृगाची वाट न बघता आत्ताच लावा. तिला 15 ते 18 इंच रुंद आणि फूटभर खोल भांडं हवं, कारण गड्डे आडवे पसरतात. डोळा वर ठेवून कंद दोन इंच खोल पुरा आणि वर पाचट पसरा.