सुरीच्या मुठीत पिनची भोकं पाडताना या चुका टाळा

तयार मुठीत पितळी पिनभोवती काळी कड दिसली की दोष गोंदाला दिला जातो. खरं बिघडलेलं असतं भोक, आणि तेही बहुधा ड्रिलचा बिट जिथून बाहेर पडतो त्या बाजूला. तिथल्या तंतूंना मागून आधार नसेल तर ते कापले न जाता उचकटतात. म्हणून पट्टीखाली (मुठीच्या दोन बाजूंना बसणाऱ्या लाकडी फळीखाली) टाकाऊ लाकडाचा सपाट तुकडा ठेवून पट्टी आणि तुकडा एकत्र क्लॅम्पने आवळा. दर भोकाला तुकडा सरकवा, कारण जुन्या भोकावर आधार उरत नाही. शिसवात शेवटचे २-३ मिमी अगदी हलक्या हाताने न्या.

पट्टीला गोलाई देऊन मग भोक पाडू नका. गोल पाठ टेबलावर डुलते, भोक तिरकं जातं. पट्टी ९-१० मिमी जाड आणि सपाट असतानाच काम उरका. किरकोळ उचकटलेलं पुढे घासण्यात निघून जातं.

पात्याच्या मुठीत जाणाऱ्या पोलादातली भोकं पाणी देण्याआधीच (म्हणजे पोलाद तापवून, थंड करून कडक करण्याआधीच) पाडा. नंतर नेहमीचा एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट बोथट होतो, त्याहून कठीण कार्बाइडचा लागतो. ६ मिमीच्या पिनला पोलादात ६.२ मिमी भोक ठेवा. गती मिनिटाला ८००-१००० फेरे, सोबत थोडं तेल. मात्र गोंद लावण्याआधी ते ॲसिटोनने पुसायलाच हवं. भोकाच्या कडेला उठलेली धार मोठ्या बिटने हाताने काढा, नाहीतर पट्टी पोलादाला टेकत नाही आणि फट राहते. पातं नुसत्या हातात धरून ड्रिल करणं फार धोक्याचं: बिट आरपार जाताना पकडतो आणि पातं गरकन फिरतं. क्लॅम्प लावा, हातमोजे काढा.

आता पट्टी पोलादाला आवळून पोलादातल्या भोकातूनच बिट घाला. पहिलं भोक झालं की त्यात कोरडी पिन घालून मगच दुसरं पाडा, म्हणजे पट्टी हलत नाही. दर ३-४ मिमीला बिट वर काढून भुसा झाडा. अडकलेला भुसा तापतो आणि भोक जळतं.

पिनची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. पाव इंची पिन ६.३५ मिमीची असते. ६ मिमीच्या भोकात ती ठोकली की लाकूड चिरतं, कधी पॉलिश झाल्यावरसुद्धा. पिन अंगठ्याच्या दाबाने सरकायला हवी. किंचित घट्ट असेल तर ड्रिलच्या चकमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) धरून पॉलिश पेपरने घासा.

भोक फार सैल झालं तर भुसा-गोंद भरू नका. ८ मिमीची पिन चालेल, पण मग पोलादातलं भोकही कार्बाइडने वाढवावं लागतं. तो बिट नसेल तर पट्टी बदला.