फाशात खोट आहे का? असं तपासा

आधी फासा हातात घेऊन सहाही बाजू मोजा. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज 7 यायला हवी. एका नजरेत तीनच बाजू दिसतात, म्हणून दोन बाजूंना सहा असलेला फासा पटावर सहज खपून जातो.

मग वजन. 200 मिली कोमट पाण्यात साधारण 70 ग्रॅम मीठ विरघळवा. लुडोचे प्लॅस्टिकचे फासे बहुधा त्यात तरंगतात. चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसा आणि टिचकी मारून फासा फिरवा. दहा-पंधरा वेळा तोच आकडा वर आला, तर खालची बाजू जड आहे. पण लगेच कोणाला लबाड ठरवू नका. साच्यात अडकलेल्या हवेनेही असं होतं. 120 वेळा टाकून नोंद ठेवा. प्रत्येक आकडा 20 च्या आसपास यावा. 12 ते 28 चालेल, 35 आला तर फासा बाद.

खरी चलाखी बहुतेकदा हाताची असते. न उलटता नुसता भिरभिरत सरकवलेला फासा वरचा आकडा सोडत नाही. म्हणून डबीत खुळखुळवूनच टाका, कडेवर आपटू द्या. फासा कलला किंवा पटाबाहेर गेला तर दान पुन्हा, हे डाव मांडण्याआधीच ठरवा. आणि सगळ्यांनी पाहिल्याशिवाय फासा उचलायचा नाही.